हरायची नोकरी

जबलपूर,
३ ऑगस्ट १९५६

नलूबाई,

पाया पडतो. लांबूनच पडतो, कारण जवळून पडलो की तू डोक्यात टपली मारतेस.

पावसाळ्यात इथे टेनिस बंद असतं. कोर्टाचा चिखल होतो आणि साहेब लोक आत पत्ते कुटतात. मार्करला पत्त्यांत कोणी विचारत नाही, म्हणून मी व्हरांड्यात बसून रॅकेटींना नवी तात ओढतो आणि तुला पत्र लिहितो.

तू विचारलंस, शेजारणी भावाचा धंदा विचारतात, त्यांना काय सांगू? सांग, माझा भाऊ हरायचा पगार घेतो. क्लबातल्या साहेबाला संध्याकाळी कोणी सोबती मिळाला नाही की मार्करने त्याच्याशी खेळायचं. पंगतीत वाढावं तसा चेंडू त्याच्या रॅकेटीवर नेऊन वाढायचा. त्याने मारला की ‘वा साहेब’ म्हणायचं. शेवटी हरायचं, पण थोडक्यात, म्हणजे साहेबाला घाम येतो आणि घरी बायकोला सांगायला काहीतरी होतं.

डबल्समध्ये तर मी चॅम्पियन आहे. हसू नकोस. क्लबाच्या स्पर्धेत प्रत्येक साहेबाला मी आपल्या बाजूला हवा असतो. मी चेंडू जमवून द्यायचा, शेवटचा फटका साहेबाने मारायचा. मी मारला तर त्याचं तोंड उतरतं. भिंतीवर एक फळा आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत विजेत्यांची नावं: ‘कर्नल अमुक आणि मार्कर’, ‘इंजिनियर तमुक आणि मार्कर’. साहेब दरवर्षी बदलतो, मार्कर तोच.

आता कामाचं. जानेवारीत नागपूरला सगळ्या हिंदुस्थानातल्या पगारी खेळाडूंची, म्हणजे आम्हा मार्करांची, स्पर्धा भरणार आहे. साहेब एकही नाही. मला एकदा जिंकायचं आहे, नलूबाई. चेंडू आपल्या हाताने असा मारायचा की समोरच्याला तो मिळू नये. वय चौतीस झालं आणि एवढं साधं काम मी अजून केलेलं नाही.

जोडीदार एकच माणूस होऊ शकतो, तुझा नवरा, म्हणजे माझे भाटवे. वर्ध्याच्या क्लबात आम्ही दोघं मार्कर होतो तेव्हा सकाळी साहेब उठायच्या आत आपसात खेळायचो. भाटव्यांसारखा मारणारा मी पुढे कुठेच पाहिला नाही. त्यांना तयार कर. तुझं कोण ऐकत नाही?

श्रावण


आंजी (मोठी),
२० ऑगस्ट १९५६

श्रावण,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. म्हणजे अर्धंच. ‘रॅकेट’ हा शब्द आला तसे उठले, गोठ्यात गेले आणि बैलाशी बोलत बसले. बैल माझ्यापेक्षा बरा, तो उलटून बोलत नाही.

तू जबलपूरला गेल्यावर वर्ध्याच्या क्लबात काय झालं, ते तुला धड कोणी सांगितलेलं नाही. मी सांगते. क्लबाचे सेक्रेटरी सदाशिवराव वकील एका संध्याकाळी यांना म्हणाले, “रूपराव, आज खरं खेळ हं. मला दया नको.” हे वाक्य प्रत्येक साहेब म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘नीट हर’ असा असतो, हे तूच मला सांगायचास. पण तुझे भाटवे पडले सरळ. त्यांनी ते खरं मानलं. सहा-शून्य, सहा-शून्य. वर वकिलांच्या सासुरवाडीची माणसं खुर्च्या टाकून पाहायला बसलेली. दुसऱ्या दिवशी चपराशाने फाटकातूनच सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

तेव्हापासून हा माणूस शेत करतो, जेवतो, निजतो. रॅकेट खुंटीला टांगली आहे. तिची जाळी चांगली म्हणून मी तिच्यावर सांडगे वाळवते. मुद्दाम वाळवते, निदान त्यावरून तरी ओरडतील म्हणून. एक अक्षर बोलत नाहीत. नवरा भांडत नसेल तर बाईने संसार करायचा तरी कोणाशी? हसल्याला तर वर्षं झाली. मला त्याचं फार वाईट वाटतं, श्रावण, पण ते सांगायला गेलं की बैलापाशी जातात.

तर उत्तर आहे ‘नाही’. सांडगे मात्र झकास झालेत, पाठवते.

नलू


जबलपूर,
९ सप्टेंबर १९५६

नलूबाई,

‘नाही’ म्हणाले म्हणजे ऐकलं तर! सांडगे पोचले. त्यांवर चौकड्या उमटल्या आहेत.

आता एक कर. भाकरी थापता थापता सहज म्हण, की श्रावणने अमरावतीच्या बाबारावला जोडीला घ्यायचं ठरवलं. तुला बाबाराव आठवणार नाही, त्यांना आठवेल. चेंडू आला की आधी धोतर सावरतो आणि मग चेंडू कुठे गेला ते लोकांना विचारतो, तोच. बोलताना आवाजात गोडवा आणू नकोस. तुला ते अवघड जाणार नाही.

बाबाराव खरंच तयार आहे का, हे मात्र विचारू नकोस.

श्रावण


आंजी,
२५ नोव्हेंबर १९५६

श्रावण,

बाबाराव लागू पडला. तव्यावर भाकरी होती, मी तुझी थाप मारली, आणि हे घास तसाच हातात धरून म्हणाले, “कोन? बाबाराव?”

“व्हय.”

“त्याले लॉब अन् लोटा याच्यातला फरक समजत नाई!”

एवढं लांब वाक्य या घरात कितीतरी दिवसांनी झालं. मी मुकाट्याने दुसरी भाकरी वाढली.

पुढचं ऐक. दिवाळी झाली की खळं घालायचं असतं, तुला ठाऊक आहे. गोल खळं, मधात खुंटा, भोवती बैल. औंदा यांनी खुंटाच रोवला नाही. लांबट चौकोनी खळं आखलं, पाणी मारून चोपलं, शेणाने सारवलं आणि वर चुन्याच्या रेघा ओढल्या. अर्धा गाव काठावर येऊन उभा. डोमाजी म्हणाले, “रूपराव, बैल कोपऱ्यात कसे वळतीन बे?” यांनी पुढची रेघ ओढली. आमची ज्वारी आता डोमाजींच्याच खळ्यावर मळायची, म्हणजे ते वर्षभर बोलतील.

नेट म्हणून ढिवराकडून जुनं जाळं आणलं आहे. त्याला अजून मासळीचा वास येतो, म्हणून गावातली सगळी मांजरं नेटाखाली बसून खेळ पाहतात.

समोर खेळायला प्रेमदासभाऊ असतात. दसऱ्याला ते आपल्या सगळ्या मोहल्ल्याबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. आधी यांना ‘हो जी, पाटील’ म्हणायचे, आता सरळ ‘रूपराव’ म्हणतात. शंकरपटाच्या शर्यतीत बैल सुटावा तसा चेंडू थेट छातीवर सोडतात. परवा मला म्हणाले, “वहिनी, आता कोनापुढं वाकाचं नाई!” हे पलीकडून ओरडले, “अबे, चेंडूसाठी तं वाकजो बाप्पा!” मग दोघं बराच वेळ त्यावरून भांडत बसले. मला बरं वाटलं.

येतील ते नागपूरला. जाताना मला म्हणणार, ‘श्रावणची इज्जत जाऊ नये म्हणून जातो’. तूही तसंच मान.

ता. क. एक तारखेपासून आम्ही मुंबई राज्यात आलो. आंजीत समुद्र अजून पोचलेला नाही. तू राहिलास मध्य प्रदेशात, म्हणजे परराज्यातला पाहुणा झालास. पाहुण्याला मानाने लिहावं लागतं, म्हणून लिहिते: गधेसाहेब, तब्येतीला जपा.

नलू


जबलपूर,
२८ जानेवारी १९५७

नलूबाई,

हे पत्र चॅम्पियनने लिहिलेलं आहे, तेव्हा हात धुऊन वाच.

भाटवे घाईने परतले, त्यांनी तुला दोन वाक्यांत सांगितलं असेल. मी नीट सांगतो. फायनलला समोर कलकत्त्याचे दोघं होते, आमच्यापेक्षा वयाने वडील, मिशा पांढऱ्या, हात लोण्यासारखे. पहिला चेंडू मी दिला. त्यांनी तो अलगद माझ्याच रॅकेटीवर आणून ठेवला. मी त्यांच्या ठेवला. त्यांनी पुन्हा माझ्या. जन्मभराची सवय! कोर्टावर साहेब एकही नव्हता आणि आम्ही एकमेकांना साहेबासारखं खेळवत होतो. चुकून एखाद्याचा चेंडू रेघेवर जोरात पडला तर समोरचा ‘वा साहेब’ म्हणायचा, आणि मारणारा लाजून पुढचा सोपा द्यायचा.

चेंडू मरेच ना. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग भुईमुगाच्या फल्ल्या सोलल्या, मग घरी गेले. अंपायर उंच खुर्चीवर पेंगायला लागला. त्याची हॅट खाली पडली, ती कलकत्तेकराने चेंडू चालू असताना उचलून त्याला दिली आणि परत जागेवर येऊन माझा चेंडूही घेतला. घेणारच, मी तो त्याची वाट पाहत हळू दिला होता.

शेवटी भाटवे कडाडले, “अबे, कोनी तं मारा!” तिथून रंग पालटला. मग आम्ही मारायला लागलो. असे मारले की कलकत्तेकर बघतच राहिले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून ही माणसं रागावली. तीन सेट सरळ. कप मोठा आहे, दोन्ही बाजूंनी धरायचे कान आहेत.

मी जिंकलो, नलूबाई!

श्रावण


आंजी,
१४ फेब्रुवारी १९५७

चॅम्पियनसाहेब,

हात धुतले, पत्र वाचलं. त्यात ‘आम्ही मारले’ असं लिहिलं आहेस. मी यांना विचारलं, श्रावणने किती मारले? हे डोकं खाजवत म्हणाले, “त्यानं लय मस्त देल्ले.” मी म्हटलं, मारले किती? म्हणाले, “नलू, देनंही लागते ना.” तुझी बाजू घेताना त्यांचे कान लाल झाले. म्हणजे मारला एकही नाहीस. तुझं जिंकायचं अजून राहिलंच की रे, राजा.

असू दे. मोठी गोष्ट पुढेच आहे. परवा दारात जीप थांबली आणि सदाशिवराव वकील उतरले. स्वतः! माझ्या ओट्यावर बसून चहा घेतला, बशीतून. म्हणाले, वर्धा जिल्ह्याची शान वाढवलीत. चोवीस मार्चला, रविवारी, क्लबात तुमचा सत्कार. त्यानंतर सामना: एका बाजूला तुम्ही दोघं, समोर ते स्वतः आणि जिनिंगवाले ओमप्रकाशसेठ. “सामना रंगला पाहिजे, रूपराव. अन् पाहुण्यांपुढं क्लबाचा मानही राहिला पाहिजे. समजतं ना?” सगळं जमून आलं तर दोघांनाही क्लबात परत घ्यायचं. तू मुख्य मार्कर, राहायला क्लबामागची खोली.

मला वाटलं, आता हे बैलापाशी जातात. पण हे म्हणाले, “बरं.” काऊन ‘बरं’ म्हणाले ते मला अजून उमजलं नाही.

आता माझं ऐक, आणि ही थट्टा नाही. माझ्या माहेरचं म्हणून या जगात तू एकटा उरलास, आणि तो एकटा इटारसीच्या पलीकडे. राखी मी पोस्टाने पाठवते आणि ती तुझ्या हाताला कोण बांधतं, कोण जाणे. तू वर्ध्यात आलास तर बाजाराच्या दिवशी तरी तोंड दिसेल. यांनाही रोज घराबाहेर पडायला ठिकाण होईल. तुला हरता येतं. इतक्या परक्या लोकांसाठी हरलास, एकदा माझ्यासाठी हर.

नलू


जबलपूर,
२ मार्च १९५७

नलूबाई,

पकडलंस. एकही मारला नाही. दोनदा मारणार होतो, पण समोरचा म्हातारा इतक्या आशेने बघत होता की हात आपोआप मऊ पडला.

चॅम्पियन झाल्यापासून माझा भाव मात्र वाढला आहे, हरायचा भाव. आधी नुसते साहेब यायचे, आता त्यांचे पाहुणे येतात, पाहुण्यांचे मेहुणे येतात. अखिल भारतीय चॅम्पियनला हरवलं, अशी घरी तार करता येते ना! कटनीचा एक चुन्याचा ठेकेदार आला, त्याने जन्मात रॅकेट धरली नव्हती. त्याच्याशी सहा-चार हरता हरता मला ताप भरला. त्याचा चेंडू नेट ओलांडून येईच ना. शेवटी मीच सर्व्हिस नेटात मारत बसलो आणि तो म्हणाला, ‘आज तुझा दिवस नाही वाटतं.’ सगळे म्हणतात, नागपूरला जिंकलास म्हणून तुझी किंमत. आणि किंमत कशाची, तर पडण्याची.

येतो मी. हरतो. तुझ्यासाठी हरताना निदान कोणासाठी हरलो ते ठाऊक असेल. माझी काळजी करू नकोस, तुझ्या नवऱ्याची कर. सदाशिवराव पुन्हा ‘खरं खेळ’ म्हणाले तर ते पुन्हा खरं मानतील.

श्रावण


आंजी,
९ मार्च १९५७

श्रावण यास,

तुझं पत्र तुझ्या बहिणीने वाचून दाखवलं. माझी काळजी नको. मी हरतो. किती गेमनी हरायचं ते तू ठरव, मला त्यातलं कळत नाही. तुझी बहीण बंडी जुंपून वर्ध्याला तुझी खोली सारवायला गेली आहे. मी म्हटलं, आधी जिंकू दे, म्हणजे हरू दे. ऐकते कुठे?

येताना जबलपूरची चांगली तात आण.

रूपराव

ता. क. खळ्यावर चेंडू मुद्दाम नेटात मारायचा सराव करतो आहे. जमत नाही. प्रेमदास हसतो.


जबलपूर,
२७ मार्च १९५७

नलूबाई,

कोर्टावरून मी तसाच स्टेशनवर गेलो आणि मिळाली ती गाडी धरली. तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. तू पाटवड्यांचा रस्सा केला असशील, आणि मी तो खाण्याच्या लायकीचा राहिलो नव्हतो.

काय झालं ते माझ्या तोंडून ऐक. पहिला सेट आम्ही ठरल्याप्रमाणे हरलो, सहा-चार. मी नेहमीसारखा सफाईने. भाटवे मात्र फार वाईट हरत होते. चेंडू नेटात मारायचे आणि ज्याला जिंकवायचं त्याचीच माफी मागायचे. कुंपणाबाहेर आंजीची माणसं उभी होती, डोमाजी, प्रेमदास, सगळे. त्यांच्याकडे भाटवे एकदाही बघत नव्हते.

बाजू बदलताना लिंबाचं सरबत आलं. सदाशिवरावांनी भाटव्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आता कसं शहाण्यासारखं खेळतोस, रूपराव! तेव्हाच अशी अक्कल आली असती तर?”

भाटव्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “होय साहेब.”

नलूबाई, तो आवाज माझा होता. मी रोज संध्याकाळी त्याच आवाजात बोलतो. आपल्याच तोंडातला असल्याने मला तो कधी ऐकू आला नव्हता. भाटव्यांच्या तोंडून ऐकला आणि मला शरम वाटली. त्या माणसाला एकच गोष्ट येत नव्हती आणि आपण दोघांनी मिळून त्याला ती शिकवली, तू खोलीच्या शेण-पाण्याने आणि मी पत्राने. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला.

सदाशिवराव हसत म्हणाले, “चला, आता खरं खेळा हं.”

मी विचारलं, “खरं, साहेब?”

“खरं, खरं.”

पहिलाच चेंडू ओमप्रकाशसेठनी माझ्याकडे टाकला, उंच आणि सोपा. असा चेंडू मी रोज समोरच्याच्या पोटाशी नेऊन ठेवतो. हात तिकडेच निघाला होता. मी त्याला धरून वळवला. चेंडू दोघांच्या मधून गेला आणि मागच्या कनातीवर आपटला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मला गप्प राहायची सवय नाही, फटका झाला की काहीतरी म्हणावं लागतं, म्हणून मी स्वतःलाच म्हटलं, ‘वा!’

भाटवे धावत माझ्यापाशी आले. “अबे, काऊन मारून राह्यला? नलूनं खोली सारवली ना!”

मी म्हटलं, “भाटवे, तुम्ही नुसते द्या. मारायचं मी बघतो.”

ते आपल्या जागेवर परत गेले. मग त्यांनी दिले, नलूबाई! आयुष्यात मला कोणी असे चेंडू दिले नव्हते. त्यांनी द्यायचं आणि मी मारायचं. सहा-शून्य, सहा-शून्य. वकीलसाहेबांच्या पायांत, सेठांच्या डोक्यावरून, कोपऱ्यात, रेघेवर. प्रेमदास कुंपणावर चढून ओरडत होता, “वाकू नको, श्रावण!” आणि मी प्रत्येक चेंडूला वाकत होतो.

शेवटी कोणी हात मिळवायला आलं नाही. सत्काराचे हार टेबलावर तसेच राहिले. ओमप्रकाशसेठांच्या ड्रायव्हरने ते उचलून मोटारीला घातले, ती तेवढी सजून घरी गेली.

तुझ्या भावाची घरी यायची वाट मी बंद केली. तुझ्या नवऱ्याची नोकरीही घालवली. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तसा चेंडू पुन्हा आला तर मी पुन्हा मारीन.

इथे बातमी माझ्याआधी पोचली आहे. काल कर्नलसाहेब रॅकेट घेऊन आले आणि म्हणाले, ‘श्रावण, आज खरं खेळ.’ मी विचारलं, ‘खरं, साहेब?’ ते रॅकेट काखेत घालून म्हणाले, आज कंबर धरली आहे. ठेवतील की काढतील, कळत नाही.

तुला काय लिहायचं ते लिही. टपली आता पत्रातून मार.

श्रावण


आंजी,
५ एप्रिल १९५७

श्रावण,

घाबरट कुठला! दोन-दोन साहेबांना लोळवतो आणि बहिणीला भिऊन इटारसीपार पळतो.

खरं आहे, मी लाटणं घेऊनच दारात उभी होते. डोमाजी पुढे येऊन सगळं सांगून गेले होते. खोली गेली, नोकरी गेली, माझं दोन पाट्या शेण फुकट गेलं. मनात तुला इतक्या शिव्या दिल्या की त्यांतल्या काही मला येतात हे मलाच नवीन होतं.

मग हे आले. पाय धुतले, पाटावर बसले, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, झालं, आता हे आणि बैल. ताट वाढलं. पहिला घास घेतला आणि हे हसायला लागले. रस्सा नाकात गेला तरी हसतच होते. “नलू, त्यानं मारला! माह्या साळ्यानं मारला!” उठले, माझ्या हातात पोळपाट दिलं, मला चुलीपाशी उभं केलं आणि म्हणाले, तू सदाशिवराव. मग तुझा एकेक चेंडू मला करून दाखवला, वांगी घेऊन. एक वांगं देव्हाऱ्यात गेलं. मी ओरडले, ते ओरडले, आम्ही कडाकडा भांडलो, आणि भांडता भांडता पुन्हा हसले. हसताना त्यांचा वरचा एक दात वाकडा दिसतो. मी विसरलेच होते रे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तोच आधी दिसला होता.

मी मागे वळून चुलीत फुंकर घातली. धूर झाला एवढंच समज, बाकी तुला सांगणार नाही.

आता रोज संध्याकाळी प्रेमदासभाऊंशी खळ्यावर कचाकचा खेळतात आणि जेवताना माझ्याशी वाद घालतात. कर्नलने काढलं तर सरळ इथे ये. नाही काढलं तरी ये. आपल्याला भाकरीची ददात नाही, आणि तुझ्या वाट्याला मी तोंडानेच खूप वाढीन.

मी तुला हरायला सांगितलं होतं. पुन्हा कधी सांगितलं तर माझं ऐकू नकोस.

नलू